वारा बदलण्याआधी

19 ऑगस्ट 2009 रोजी नौदलातले कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’ ही शिडाची नौका घेऊन मुंबईहून एकटेच निघाले, तेव्हा नैऋत्य मोसमी वारा अरबी समुद्रावरून अजून ओसरला नव्हता. ऑस्ट्रेलियातले फ्रीमँटल, न्यूझीलंडमधले लिटलटन, फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅनली आणि दक्षिण आफ्रिकेतले केपटाऊन असे चार थांबे घेऊन ते 2010 च्या मे महिन्यात मुंबईला परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. या सफरीबद्दल आपल्याकडे अभिमानाने बोलले जाते, आणि ते बोलणे बहुधा धैर्य, एकांत आणि डोंगराएवढ्या लाटा यांच्याभोवती फिरते. त्या नऊ महिन्यांत त्यांचे हात दिवसरात्र ज्या कामात गुंतले असतील, त्याबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारते. ते काम शिडांचे.

25 मीटर उंचीची डोलकाठी, 56 फूट लांबीची आणि सुमारे 23 टन वजनाची नौका, आणि ती चालवायला एक माणूस. शीड केव्हा आखडायचे, केव्हा पुन्हा पूर्ण उभारायचे, कोणते उतरवायचे, कोणते कुठल्या बाजूला फाकवून बांधायचे, हे निर्णय अशा माणसाला झोपेतून उठून, जेवणाचे ताट बाजूला ठेवून, अंधारात आणि पावसात घ्यावे लागतात. पुढच्या पानांचा विषय तेवढाच आहे: महासागर ओलांडताना वारा सतत बदलतो, आणि त्या बदलांना शिडांनी कसे सामोरे जायचे.

या विषयाच्या मुळाशी असलेले गणित शाळेतल्या मुलालाही समजेल. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 12 नॉटचा वारा 24 नॉट झाला, तर शिडावरचा दाब चौपट होतो. 36 नॉटवर गेला, तर नऊपट. (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, 1.85 किलोमीटर.) 12 नॉटमध्ये सुखाने चालणारी नौका तेवढीच शिडे ठेवून 24 नॉटमध्ये एका कुशीवर झोपू लागते. ती कलली की सुकाणूची पाण्यावरची पकड सुटत जाते, नौका आपसूक वाऱ्याकडे तोंड फिरवू पाहते, सुकाणू धरणारा माणूस किंवा यंत्र तिला मागे खेचत राहते, आणि एवढे करून वेग उलट घटतो. शीड लहान केले की नौका मंदावते, हा नवशिक्याचा समज समुद्रावर पहिल्या आठवड्यातच गळून पडतो. वेळेवर आखडलेल्या शिडामुळे नौका सरळ राहते आणि सरळ नौका जोरात पळते.

या गणितात एक फसगत दडलेली आहे. डेकवर उभ्या माणसाच्या अंगाला लागतो तो खरा वारा नसतो. नौकेच्या स्वतःच्या चालीने तो बदललेला असतो. समजा, 18 नॉटचा वारा पाठीमागून येत आहे आणि नौका 7 नॉटने पळते आहे. डेकवर जाणवेल तो फक्त 11 नॉटचा वारा. ऊन छान, हवा मंद, सगळी शिडे उभारलेली. अशा वेळी कोणी पाण्यात पडले किंवा समोर अचानक दुसरे जहाज आले आणि नौका वाऱ्याकडे वळवावी लागली, तर त्याच क्षणी डेकवर 22 नॉटच्या आसपास वारा लागतो. जाणवणारा वारा दुप्पट झाला, दाब चौपट झाला, आणि खऱ्या वाऱ्यात तर काडीचाही फरक पडलेला नाही. पाठीवर वारा घेऊन जाणाऱ्याने म्हणूनच उपकरणावरचा आकडा वाचताना त्यात नौकेचा वेग मिळवून वाचायचा असतो. आता वळावे लागले तर एवढी शिडे पेलतील का, हा प्रश्न त्याच्या मनात दिवसभर जागा असावा लागतो.

शीड टप्प्याटप्प्याने लहान करण्याला रीफ घेणे म्हणतात. लांब पल्ल्याच्या नौकेच्या मुख्य शिडाला असे सहसा तीन टप्पे असतात. काम क्रमाने करायचे. नौका थोडी वाऱ्याकडे वळवून शीड सैल सोडायचे, म्हणजे त्यातला जोर निघून जातो. शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या दांड्याला, म्हणजे बूमला, वरून आधार देणारा दोर ताणायचा. शीड वर खेचून धरणारा दोर, हॅलयार्ड, आधी करून ठेवलेल्या खुणेपर्यंत सोडायचा. डोलकाठीजवळची शिडाची कडी आकड्यात अडकवायची आणि हॅलयार्ड पुन्हा ताठ करायचा. मागच्या टोकाचा रीफचा दोर विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चक्रीवर, ओढून शिडाची मागची कड बूमवर घट्ट बसवायची. मग शीड पुन्हा वाऱ्यावर धरायचे. सराव असलेली दोन माणसे शांत पाण्यात हे सारे काही मिनिटांत उरकतात. पहाटे तीन वाजता, 30 नॉट वाऱ्यात, तोंडावर पाऊस मारत असताना तेच काम एकट्या, झोपमोड झालेल्या माणसासाठी मोठी लढाई होऊन बसते, आणि त्या घाईत कडी अडकवण्याआधी दोर ओढला गेला तर शीड फाटते.

रीफ घ्यावा का, असा विचार मनात पहिल्यांदा येतो तीच रीफ घेण्याची वेळ, हा नियम जगभरचे दर्यावर्दी एकमेकांना सांगत आले आहेत. नियम कळायला सोपा आहे. तो मोडतो, कारण हा विचार येतो तेव्हा बहुधा सगळे छान चाललेले असते. नौका वेगात असते, मुक्कामाचे अंतर झपाट्याने कमी होत असते आणि अंथरुणातून उठायची कोणाचीच इच्छा नसते. इथे निश्चयाचा उपदेश फारसा उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ती तयारी: हॅलयार्डवरची खूण अंधारात बोटांना लागेल अशी दोऱ्याने शिवलेली, प्रत्येक दोराचा रंग वेगळा, विंचचे हँडल ठरल्या जागी, सुरक्षापट्ट्याची कडी अडकवायची जागा पाऊल टाकण्याआधीच हाताशी. जे काम सोपे करून ठेवले आहे ते वेळेवर होते आणि जे अवघड आहे ते पुढे ढकलले जाते. शिडांच्या हाताळणीतले अर्धे कौशल्य अशा रीतीने नौका बंदरात असतानाच ठरते, हे या पुस्तकाचे मुख्य म्हणणे आहे. पुढे येणारी उदाहरणे वेगवेगळ्या काळांतली आणि समुद्रांतली असली, तरी ती याच कसोटीवर तपासलेली आहेत.

भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले वाऱ्यांचे पट्टे महासागरावर पायाखाली येतात. पश्चिम किनाऱ्यावरून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दक्षिणेकडे निघालेली नौका आधी मावळत्या मोसमी वाऱ्यातून जाते. विषुववृत्ताजवळ ती शांत पट्ट्यात शिरते. तो ओलांडला की दक्षिण हिंदी महासागरातले आग्नेय व्यापारी वारे मिळतात. त्यांच्याही खाली, 40 अंश दक्षिणेच्या सुमारास, ‘गर्जणारे चाळीस’ नावाचे पश्चिमी वारे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या केप हॉर्नला वळसा घालायला 56 अंशांपर्यंत उतरावे लागते. मग अटलांटिकमधून वर, केप ऑफ गुड होपवरून पूर्वेला, पुन्हा व्यापारी वारे, पुन्हा शांत पट्टा, आणि पुढचा मोसमी वारा सुरू होण्याआधी घर. प्रत्येक पट्ट्याला शिडांची वेगळी मांडणी लागते, आणि एका पट्ट्यात अंगवळणी पडलेली सवय पुढच्या पट्ट्यात घात करू शकते.

शांत पट्टा नावाप्रमाणे शांत असतो असे मानून तिथे जाणारा फसतो. वारा नसला तरी दूरच्या वादळांच्या लाटा तिथपर्यंत पोचतातच. वाऱ्याचा आधार नसलेले शीड प्रत्येक हेलकाव्याबरोबर एका बाजूहून दुसऱ्या बाजूला आदळते, बूम झटके देते, शिवणी उसवतात. मोठ्या वाऱ्यात एका दिवसात जेवढे शीड झिजत नाही तेवढे या निर्वात हेलकाव्यांत झिजते. उपाय असतात ते कंटाळवाणे: बूम दोन्ही बाजूंनी दोरांनी जखडायचा, पुढचे शीड गुंडाळायचे, गरज पडल्यास मुख्य शीडही उतरवायचे, आणि हलक्या कापडाचे मोठे शीड हाताशी ठेवून बसायचे. वाऱ्याची झुळूक आली की ते उभारायचे. तिच्यावर दोन मैल काढायचे. काळा ढग दिसला की लगेच खाली घ्यायचे. पृथ्वीप्रदक्षिणेच्या नियमांत इंजिनाच्या बळावर पुढे सरकायला परवानगी नसते. त्यामुळे धीर धरून दिवसातून कितीतरी वेळा शीड चढवणे-उतरवणे, एवढाच मार्ग उरतो.

व्यापारी वाऱ्यांची ख्याती वेगळी. 6 सप्टेंबर 1492 रोजी कोलंबस कॅनरी बेटांवरून पश्चिमेला निघाला आणि 12 ऑक्टोबरला बहामा बेटांना लागला, तो याच वाऱ्यांच्या पाठबळावर. आजही दर नोव्हेंबरमध्ये कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाकडे नौकांचा मोठा ताफा निघतो. 1986 पासून हा उपक्रम चालू आहे. अंतर सुमारे 2,700 सागरी मैल, बऱ्याच नौकांसाठी तीन आठवडे. वारा पाठीमागचा आणि बराचसा स्थिर असल्याने अनेक जण दोन पुढची शिडे दोन बाजूंना, काठ्यांनी फाकवून, पंखांसारखी उभारतात आणि मुख्य शीड उतरवूनच ठेवतात. या मांडणीचा मोठा गुण असा की वारा वाढला तर दोन्ही शिडे एकाच दोराने गुंडाळून लहान करता येतात, नौका वळवावी लागत नाही आणि डेकवर पुढे जावे लागत नाही.

पण व्यापारी वाऱ्यांतही रात्री असतात, आणि त्या रात्री स्क्वॉल घेऊन येतात. क्षितिजावरचे तारे एका बाजूने विझत जातात. रडारवर पावसाचा ठिपका दिसतो. मग अंगाला गार झोत लागतो. ढगातून पावसाबरोबर खाली कोसळणारी थंड हवा पाण्यावर आपटून पसरते, त्याचा हा झोत. पंधरा-वीस नॉटचा वारा काही क्षणांत तीस-पस्तीसवर जातो आणि दिशाही बदलतो. दहा-वीस मिनिटांत सगळे संपते, आणि मागे उरते विचित्र मरगळ: वारा जवळजवळ नाही, लाटा मात्र आहेत. या मरगळीत शिडे लगेच पूर्ण उभारण्याचा मोह होतो. अनुभवी खलाशी आधी वाऱ्याच्या बाजूचे आकाश पाहतो, कारण स्क्वॉल बहुधा एकटे येत नाहीत. पुष्कळ नौकांवर म्हणूनच सूर्यास्ताला एक रीफ घेऊन ठेवण्याची रीत आहे. रात्रभरात काही मैल कमी होतात. त्याच्या बदल्यात सगळ्यांना झोप मिळते, आणि झोप झालेली माणसे दुसऱ्या दिवशी चांगले निर्णय घेतात.

तीन आठवडे एकाच बाजूच्या वाऱ्यावर चालण्याचा एक छुपा शत्रू आहे, तो म्हणजे घर्षण. नौका दर पाच सेकंदांना एकदा हेलकावते असे धरले, तर तीन आठवड्यांत साडेतीन लाखांहून जास्त हेलकावे होतात. त्या प्रत्येक हेलकाव्यात एखादा दोर त्याच कप्पीवर, तेवढ्याच जागी, केसभर घासत असतो. मुख्य शीड डोलकाठीच्या तारांवर घासत असते. किनाऱ्यावर आयुष्यभर टिकेल असा दोर इथे महिन्याभरात तुटतो. उपाय रोजचा आहे: सकाळी डेकवर चक्कर मारून प्रत्येक दोर नजरेखालून घालायचा, हॅलयार्ड वितभर सरकवून घासणारी जागा बदलायची, शिडाला जिथे तार लागते तिथे जाड कापडाचा तुकडा लावायचा. सुई, मेण लावलेला दोरा आणि तळहातावर घालायची चामड्याची ढाल ही शिवणाची सामग्री लांबच्या सफरीत होकायंत्राइतकीच मोलाची असते.

दक्षिण महासागरात चित्र पालटते. तिथे जमिनीचा अडसर नसल्याने हवेच्या कमी दाबाची क्षेत्रे एकामागून एक पृथ्वीभोवती फिरत असतात. बॅरोमीटर उतरू लागतो, वायव्येचा वारा वाढत जातो, आकाश भरून येते, पाऊस लागतो. मग एका रेषेसारखी सीमा डोक्यावरून जाते आणि वारा नैऋत्येला उडी मारतो. तो थंड असतो, झोतांचा असतो आणि पुष्कळदा आधीपेक्षा जोरकस. वायव्येने उठवलेल्या लाटा अजून धावत असतात, त्यांच्यावर नैऋत्येच्या लाटा तिरप्या चढतात. दोन्ही लाटा एकत्र येतात तिथे पाण्याचा ढीग उभा राहून कोसळतो. ही उडी येण्याआधी शिडे लहान केलेली असली आणि वारा पलटल्यावर कोणत्या बाजूने चालायचे ते ठरलेले असले, तर काम निभते. उडी मारून झाल्यावर ठरवू म्हटले तर डेकवर उभे राहणेही कठीण होते. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलातल्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून 10 सप्टेंबर 2017 ते 21 मे 2018 या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. पॅसिफिकमध्ये त्यांना 60 नॉटवर गेलेले वारे झेलावे लागले, आणि 19 जानेवारी 2018 रोजी त्यांनी केप हॉर्न ओलांडले.

अशा वाऱ्यात नौका मंद करावी की पळवावी, यावर दर्यावर्द्यांचे दोन पक्ष आहेत. एक पक्ष मागे जाड दोर किंवा कापडी शंकू ओढत नौकेला लगाम घालतो. दुसरा तिला पळू देतो. फ्रेंच दर्यावर्दी बर्नार मोआतेसिए 1965-66 मध्ये पत्नीसह ताहितीहून केप हॉर्नमार्गे स्पेनमधल्या अलिकांतेला 126 दिवसांत पोचला, तेव्हा वादळात त्यानेही आधी असेच दोर मागे सोडले होते. त्यांच्या ओढीने नौका लाटांपुढे लंगडी होऊन बसली होती. अखेर त्याने दोर कापून टाकले आणि पाठीमागची प्रत्येक लाट थोडी तिरपी घेत, वेग राखत नौका चालवली. 1942-43 मध्ये याच अक्षांशांतून 31 फुटी नौकेने एकट्याने पृथ्वीभोवती फिरलेल्या वितो दुमास या अर्जेंटिनाच्या खलाशाची रीत त्याला त्या वेळी आठवली होती. यातून एकच धडा सगळ्या नौकांना लागू करता येत नाही. जड, लांब तळकण्याची नौका आणि हलकी, सपाट तळाची नौका लाटेवर वेगळ्या वागतात. आपल्या नौकेला काय रुचते ते 25 नॉटमध्ये आजमावून पाहिलेल्या माणसालाच 50 नॉटमध्ये निवड करता येते.

शिडांच्या कामातला सर्वांत जिवावरचा प्रसंग बूमचा आहे. वारा पाठीमागून येत असताना तो थोडा सरकला किंवा नौका थोडी भरकटली, तर शीड दुसऱ्या बाजूने भरते आणि जड बूम डेकवरून सपकन पलीकडे जातो. वाटेत डोके आले तर माणूस वाचणे कठीण; तारा आल्या तर डोलकाठीही जाऊ शकते. म्हणून बूमच्या टोकापासून नाळेपर्यंत, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकापर्यंत, आणि तिथून मागे सुकाणूपर्यंत एक दोर घेऊन बूम जागच्या जागी बांधून ठेवतात. त्याला प्रिव्हेंटर म्हणतात. बदलत्या वाऱ्यात प्रत्येक वळणाला तो सोडून पुन्हा बांधावा लागतो, म्हणून त्याचा कंटाळा येतो, आणि अपघात त्या कंटाळ्यातून होतात. शिडे हाताळण्यात त्याच्या तोडीचा माणूस विरळा असा लौकिक असलेला एरिक ताबार्ली, 1964 आणि 1976 च्या एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या शर्यतींचा विजेता, 1998 च्या जूनमध्ये वेल्सच्या किनाऱ्यापासून दूर, रात्री शीड लहान करण्याचे काम चालू असताना शिडाच्या वरच्या काठीचा फटका बसून समुद्रात पडला आणि वाहून गेला. त्याने पट्टा लावलेला नव्हता. एवढ्या मोठ्या खलाशाचा असा अंत झाला, हे प्रत्येक नवशिक्याने मनात कोरून ठेवावे.

शिडे नौकेला पुढे नेतात तशी तिची दिशाही धरून ठेवतात. हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुढच्या शिडात जोर जास्त झाला तर नाळ वाऱ्यापासून दूर ढकलली जाते. मागच्या शिडात जास्त झाला तर नौका वाऱ्याकडे वळते. दोन्हींचा तोल साधला तर सुकाणू बांधून ठेवले तरी नौका आपल्या वाटेने जाते. जोशुआ स्लोकम हा पृथ्वीप्रदक्षिणा एकट्याने करणारा जगातला पहिला माणूस. 1895 ते 1898 या त्याच्या सफरीत ‘स्प्रे’ या त्याच्या नौकेने ऑस्ट्रेलियाजवळचे थर्सडे बेट ते हिंदी महासागरातली कीलिंग बेटे हे 2,700 मैलांचे अंतर 23 दिवसांत कापले, आणि त्या काळात मिळून तीन तासांपेक्षा जास्त वेळ त्याने सुकाणू धरले नाही. त्याआधी दक्षिण अमेरिकेत त्याने डोलकाठी सात फुटांनी कापून आखूड केली होती आणि मागे एक लहान शीड वाढवले होते.

याच तोलाची दुसरी गोष्ट मुंबईची आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण ब्रिटिश जहाज अधिकाऱ्याने 1960 च्या दशकात मुंबईत, इथल्या सुतारांच्या हातून, सागवानाची 32 फुटी ‘सुहेली’ बांधून घेतली. 14 जून 1968 रोजी तो न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीसाठी इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाला. ऑस्ट्रेलियाजवळ त्याचे वाऱ्यावर चालणारे स्वयंचलित सुकाणू दुरुस्तीपलीकडे मोडले. पुढचा पॅसिफिक, केप हॉर्न आणि सारा अटलांटिक त्याने बऱ्याच अंशी शिडांचा तोल साधत पार केला आणि 22 एप्रिल 1969 रोजी परत फाल्मथ गाठले. न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला. त्या शर्यतीत निघालेल्या नऊ जणांपैकी शेवटपर्यंत पोचलेला एकटा. पुढे 2006 मध्ये, दुसऱ्या एका जागतिक शर्यतीची तयारी करणाऱ्या याच नॉक्स-जॉन्स्टनच्या हाताखाली दिलीप दोंदे यांनी काम करून ही विद्या जवळून पाहिली.

दोंदे यांच्या सफरीमागे व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची कल्पना आणि चिकाटी होती. निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहणाऱ्या या अधिकाऱ्याने ‘सागर परिक्रमे’चे, म्हणजे शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणेचे, स्वप्न नौदलाच्या गळी उतरवले. ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली आणि फेब्रुवारी 2009 मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्याच शिडांवर अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये न थांबता, एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय. ‘तारिणी’ही दांडेकर यांच्याच हातची. 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्याहून निघालेल्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकाऱ्यांनी तीच नौका दोघींच्या बळावर पृथ्वीभोवती फिरवून 29 मे 2025 ला परत आणली. सहा जणींचे काम दोघींवर आले म्हणजे पाळी कशी लावायची, कोणते शीड एकटीने हाताळता येईल, दुसरीला केव्हा उठवायचे, हे सगळे नव्याने ठरवावे लागते.

सगळे नीट करूनही समुद्र कधी कधी ऐकत नाही. 2018 मध्ये टॉमी ‘सुहेली’च्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’तून गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत उतरले होते. 21 सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात नौका उलथली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. तीन दिवसांनी फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या गस्ती जहाजाने त्यांना वाचवले. तेच टॉमी 2022 च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि 2023 च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या क्रमांकाने पोचले. हा प्रसंग या पुस्तकात मुद्दाम ठेवला आहे. शिडांची विद्या धोका कमी करते, नाहीसा करत नाही. आणि हे मान्य असलेला माणूसच तयारीत कसूर करत नाही.

अरबी समुद्राच्या आपल्या किनाऱ्याला हे सारे नवे नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या पाचव्या शतकातल्या चित्रात शिडाचे जहाज आहे. त्यावरून फळ्या शिवण्याच्या पद्धतीने बांधलेली ‘कौंडिण्य’ ही नौका 2025 मध्ये नौदलात दाखल झाली. वर्षातले काही महिने एका बाजूने आणि काही महिने दुसऱ्या बाजूने वाहणाऱ्या मोसमी वाऱ्याभोवतीच इथला सारा दर्यापार व्यापार आखला गेला. तिरक्या परबाणाला, म्हणजे शीड टांगायच्या लांब काठीला, बांधलेली मोठी तिकोनी शिडे आजच्यासारखी सहज आखडता येत नसत, म्हणून अरबी समुद्रावरची जहाजे लहान-मोठी वेगवेगळी शिडे बाळगत आणि वारा वाढला की परबाण खाली घेऊन लहान शीड बांधत. पंधरा-वीस जणांनी करायचे ते काम होते. आपल्या किनाऱ्यावरच्या तांडेलाला जमिनीवरून येणारा मतलई वारा किती वाजता पडेल आणि समुद्रावरून येणारा खारा वारा केव्हा उठेल, याचा अंदाज घेऊनच शीड उभारावे लागे. ‘वाऱ्याआधी ठरवणे’ त्याच्या रोजच्या कामात मुरलेले होते. इंजिने आल्यावर शिडे किनाऱ्यावरून गेली आणि त्यांच्याबरोबर या ज्ञानाचा मोठा भाग न लिहिताच गेला. शिडांवर मराठीत तपशिलाने लिहिले जावे, असे वाटण्याचे हे एक मोठे कारण आहे.

पुढची प्रकरणे प्रवासाच्या क्रमाने लावली आहेत: किनाऱ्याचा वारा, शांत पट्टा, व्यापारी वारे, दक्षिण महासागर, आणि परतीची वाट. वाचकाने शेजारी जगाचा नकाशा ठेवावा. ज्यांना शीड कधी हातात धरायला मिळणार नाही, त्यांना या पानांतून मोठ्या सफरींच्या बातम्यांमागचे खरे काम दिसेल. ज्यांना मुंबई बंदरात, गोव्यात किंवा एखाद्या धरणाच्या जलाशयात लहान नौकेवर शिकायची संधी आहे, त्यांनी ती सोडू नये. वारा ओळखण्याचे धडे दहा फुटी नौकाही देते. आणि जे एखाद्या दिवशी खरोखरच महासागर ओलांडायला निघतील, त्यांनी निघण्याआधी एवढे करावे: नांगरावर उभ्या नौकेत, मंद वाऱ्यात, पहिला रीफ घेऊन पाहावा, मग दुसरा, मग तिसरा, आणि ते जमले की तेच काम रात्री, दिवा न लावता, केवळ हातांच्या आठवणीवर पुन्हा करावे.